वन्संच्या वहीतले पाच नारिंगी चौकोन

वन्सं, दुपारचे तीन वाजायला आले की अजून माझे पाय आपोआप चपला शोधतात. तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले. दिवस झाले, तेराव्याला आलेली माणसं आपापल्या घरी गेली, माझ्या आनंदने तुमची गादी उचलून माळ्यावर टाकली. मी मात्र तीनला अंगणात जाते, पांढऱ्या पेटीचं दार उघडते, वाकून बघते आणि परत येते. वहीत काही लिहिलेलं नाही. वही उघडायचं धाडस होत नव्हतं.

आज उघडली आहे, म्हणून हे लिहिते. तुम्ही म्हणाला असतात, "कुसुम, पाल्हाळ नको, आकडा सांग." आकड्यापर्यंत येते हो, पण माझ्या चालीने येऊ द्या. जे सांगायचंय ते तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं. आता कागदावर सांगते आहे, तर थोडी पाठ टेकून सांगते.

लग्न होऊन मी बडोद्याला, या अकोट्याच्या घरात आले तेव्हाची पहिली दुपार आठवते का तुम्हाला? सगळं घर जेवून आडवं झालेलं. मी नवी, मला झोप कुठली. खिडकीतून बघते तर माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, साडीचा पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर छत्री, भर उन्हात कडुनिंबाच्या पलीकडे निघालेली. तिथे चार पायांवर उभी असलेली एक पांढरी पेटी, चारी बाजूंना फळ्यांच्या तिरप्या झडपा. मला वाटलं या बडोदेकरांचा अंगणातला देव असावा. मी तुमच्यामागे येऊन हात जोडले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "जोड बाई हात. फक्त आत घालू नकोस."

आत तुमच्या आजोबांची तापमापकाची काचेची नळी होती. संस्थानच्या नोकरीत असताना त्यांनी आणलेली. आजोबा गेले, नोकऱ्या गेल्या, संस्थान गेलं, नळी राहिली. तुम्ही मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचात, सकाळची शाळा, एकला घरी. जेवण, जरा टेकणं, आणि तीनला पेटी. आम्ही नाटकाला निघालो तरी तुमची अट असे, तीनची नोंद झाल्यावर निघायचं.

एक वर्ष म्हणजे वहीचं एक पान. महिन्याची एक ओळ, दिवसाचा एक चौकोन. पंचविसाच्या आत पारा असला की निळा, तिथून वर हिरवा, मग पिवळा, मग नारिंगी. बेचाळीस आणि वर गेला की लाल. एकतीस डिसेंबरला लोक काय काय करत, तुम्ही पाठकोऱ्या कागदांवर वर्षभराच्या आकड्यांची बेरीज मांडायचात आणि मला शेजारी बसवायचात. मी सातवी शिकलेली. भागाकार मला शाळेत कधी आला नाही, तुमच्या त्या सरासरीत आला. "दशांश चिन्हाला घाबरू नकोस," तुम्ही म्हणायचात, "ते आपलंच आहे, फक्त बारीक बोलतं." पुढे मी पेपर वाचायला लागले, पुस्तकं वाचायला लागले, हे असं लिहायला लागले, त्याची सुरुवात तिथली. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय त्यात, असं वाटायचं.

आणि माझी पहिली चूक. तुम्हाला कावीळ झाली होती, जानेवारी महिना, आणि तुम्ही पडल्यापडल्या मला नोंदीला पाठवलंत. नळीवर धूळ दिसली. मी टापटिपीची बाई, धूळ बघवते कशी. चांगली पदराने पुसली, खालचा गोळा चिमटीत धरून घासला, आणि मग आकडा वाचला. त्या दिवशी जानेवारीच्या निळ्या ओळीत एक पिवळा चौकोन आला. तुम्ही कपाळाला हात लावलात. मी खोडरबर आणायला धावले तर म्हणालात, "खोडायचं नाही. चूक पुसली की ती दोनदा होते. बाजूला लिही." आणि तुम्हीच समासात बारीक अक्षरात लिहिलंत: कुसुमची बोटं. ते अजून तिथे आहे. आज पहिल्यांदा तेच पान काढून बघितलं.

मग पुढची पानं चाळली. एकेक दिवस बघत होतो तेव्हा काही कळत नव्हतं, वन्सं. आज पानं भराभर उलटली तेव्हा कळलं. सुरुवातीच्या पानांवर वरच्या आणि खालच्या कडेला निळे पट्टे आहेत, डिसेंबर-जानेवारीचे, लुगड्याच्या काठासारखे. नंतर काठ विरत जातो. मध्येच एखादं वर्ष पुन्हा दाट निळं, तुम्ही तिथे "थंडी बरी" असं लिहिलंय, आणि पुन्हा विरतो. अलीकडच्या पानांवर चुकून पडल्यासारखे निळे ठिपके. मेच्या ओळीत उलटं. पूर्वी डबीतल्या लाल पेन्सिलीला वर्षभर टोक काढावं लागत नसे. अलीकडे उन्हाळा निम्मा होत नाही तोच तुम्ही "कुसुम, लाल बोथट झाली" म्हणायला लागायचात. निळी पेन्सिल आनंदच्या लग्नाच्या साली आणलेली, ती अजून वीतभर आहे.

आपल्या भांडणाचं पान मात्र मी लगेच ओळखलं. त्यावर उभी रेघ आहे आणि तुमच्या टोकदार अक्षरात लिहिलंय: इथून अंगण बदलले.

ते मी केलं होतं. कडुनिंबाच्या मुळांनी कंपाउंडची भिंत फुगली होती आणि आनंदला मकरपुऱ्याच्या कारखान्यातून आल्यावर गाडी आत लावायला जागा नव्हती. तुम्ही डोळ्यांच्या कामासाठी आठ दिवस पुण्याला गेला होतात. मी झाड पाडून घेतलं आणि अंगणभर सिमेंटच्या फरश्या बसवून घेतल्या. मला वाटलं, तुम्ही चिखलात घसरणार नाही म्हणून खूश व्हाल. तुम्ही रिक्षातून उतरलात, पिशवी तशीच हातात, आणि म्हणालात, "आता मला कसं कळणार, आकाशाचं किती आणि कुसुमच्या फरशीचं किती?"

आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. नवव्या दिवशी बोललात ते इतकंच, की बडोद्याजवळच्या सावली गावात दुसरी नळी बसवायची. तुमची जुनी विद्यार्थिनी कोकिला आता तिथल्या शाळेत शिकवते, तिच्या शेताच्या बांधावर. तिथे ना फरशी ना भिंत. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला आपल्या बेनला, म्हणजे तुम्हाला, तिचा गुजरातीतून फोन. "बेन, आजे एकतालीस." तुम्ही आकडे शेजारी शेजारी मांडायचात. पाच-सहा उन्हाळे गेल्यावर एकदा जेवताना निकाल दिलात, "सावलीही तापतेय. आकाशाचं जास्त आहे. पण कुसुम, थोडं तुझंही आहे." मी आमटी वाढत होते. म्हटलं, "जगाचं खापर माझ्या फरशीवर कशाला फोडता? सगळ्या सोसायट्यांनी फरश्या घातल्यात." तुम्ही म्हणालात, "त्यांच्याकडे वही नाही. आपल्याकडे आहे." त्यानंतर दर लाल दिवशी हेच भांडण, त्याच शब्दांत. मी एकदाही "हो, थोडं माझं आहे" म्हटलं नाही. आज म्हणते. आहे.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या नजरेच्या मधोमध काळा डाग धरला. कडेकडेने दिसायचं, घरात फिरायला पुरायचं, पण नळीवरच्या रेघा दिसेनात आणि नारिंगी-लाल सारखेच दिसायला लागले. तेव्हा पेटीचं काम माझ्याकडे आलं. मी अंगणातून आकडा सांगायची, तुम्ही ओसरीवर खुर्चीत. चौकोनाएवढं भोक पाडलेला पुठ्ठा मी वहीवर ठेवायची आणि योग्य ती पेन्सिल तुमच्या हातात द्यायची. रंग तुम्हीच भरायचात, बोटांनी पुठ्ठ्याची कड चाचपत.

एसीचा नियमही तेव्हाचा. तुम्हाला एकदा चक्कर आली म्हणून आनंदने तुमच्या खोलीत एसी बसवला. बाहेरचं धूड अंगणावर गरम वारा सोडतं म्हणून तुम्हाला तो नकोच होता. शेवटी तह झाला: नोंद लाल असेल तरच एसी, तोही नोंदीनंतर. नारिंगीला पंखा आणि ओला पडदा. आनंद म्हणाला, "आत्या, त्रास व्हायला लागला की लावायचा, पारा कशाला बघायचा?" तुम्ही म्हणालात, "अंगाचं ऐकायचं नाही रे. अंग खोटं बोलतं. पारा बोलत नाही."

आणि याच मार्चमध्ये तुम्ही तीन फरश्या उचकटून घेतल्यात, पेटीपासून दोन हातांवर, आणि मधुमालतीचा वेल लावलात. दोऱ्या बांधून भिंतीवर चढवलात. मला म्हणालात, "तुझ्या अंगणातलं थोडं परत घेते आहे." मी म्हटलं, "घ्या."

आता आकड्यापर्यंत आले, वन्सं.

या वर्षीचा पहिला लाल दिवस एप्रिलच्या अखेरीला आला. मी खरं सांगितलं. त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. वही मांडीवर धरून बसलात, पानांवरून नुसता हात फिरवत. "आता मला ही दिसतही नाही आणि थांबतही नाही," असं म्हणालात. मग फरशीचं भांडण काढलंत, मीही जोरात बोलले. दोघी रडलो. मी ठरवलं, हे पुन्हा नको. तुमच्यासाठी ठरवलं असं मी तुमच्या जाण्यापर्यंत स्वतःला सांगत होते. निम्मं ते खरं आहे. निम्मं असं, की मला ते भांडण पुन्हा ऐकायचं नव्हतं.

मे महिन्यात पुढचा लाल दिवस आला. पारा बेचाळिसाच्या वर होता. मी अंगणातून ओरडले, "एकेचाळीस आणि वर दोन रेघा." आणि तुमच्या हातात नारिंगी पेन्सिल दिली. तुम्ही रंग भरलात. मी तुमच्या नकळत चौकोनाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने बारीक टिंब दिलं. इतकी वर्षं तुमच्या हाताखाली काढल्यावर साधं खोटंसुद्धा मला नोंद न करता बोलता आलं नाही.

संध्याकाळी सातला कोकिलाचा फोन. तुम्ही तो नेहमी स्पीकरवर लावायचात. सावलीला लाल. मला वाटलं, पकडले गेले. तुम्ही म्हणालात, "अगं, आमच्याकडे नारिंगी. बडोदे सावलीपेक्षा गार? असं आजवर झालं नाही." आणि मग तुमचा चेहरा असा काही उजळला, वन्सं. "वेल," तुम्ही म्हणालात. "कोकिला, वेल काम करतोय. तीन फरश्यांनी एवढं केलं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण तुम्ही त्या रात्री दोन पोळ्या खाल्ल्यात, आमरसाची वाटी पुन्हा मागितलीत आणि भांडलाही नाहीत. उलट म्हणालात, "कुसुम, तू फरशी घातलीस ते एक बरं झालं. घातली नसतीस तर उचलून कसं बघितलं असतं?"

दुसऱ्या दिवशी लाल. मी नारिंगी म्हटलं. तिसऱ्या दिवशीही. तुम्ही रोज वेलाला पाणी घालायला लागलात, आनंदला सांगितलंत की पावसाच्या आत निम्म्या फरश्या काढायच्या. तो म्हणाला, "आत्या, गाडी कुठे लावू?" तुम्ही म्हणालात, "गाडीला ऊन लागलं तर ती मरत नाही."

चौथ्या दिवशी पुठ्ठा चाचपताना तुमचा हात थांबला. "आज नारिंगी वाटत नाही गं. अंग निराळं सांगतंय." मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणाले, "अंगाचं कधीपासून ऐकायला लागलात?" तुम्ही हसलात. "खरंय," म्हणालात, आणि रंग भरलात.

पाचव्या दिवशी पारा त्या नळीवर मी पाहिलेला सगळ्यात उंच होता. माझा आवाज जरा कापला असेल. तुम्ही विचारलंत, "नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की." रंग कडेबाहेर गेलाय त्या दिवसाचा. तुम्ही खोलीत गेलात, मी पडदा ओला केला, पंखा लावला आणि स्वयंपाकघरात कैऱ्या चिरायला बसले. पाचला चहा घेऊन आले तर तुमचं अंग तव्यासारखं होतं आणि कोरडं. तुम्ही मला "बाई, हजेरी घ्या" म्हणालात. मग काहीच म्हणाला नाहीत. दवाखान्यात बर्फ, सलाईन, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत तुम्ही गेलात. त्या दिवशी तीनची नोंद कोणी केली नाही. चौकोन कोरा आहे.

आनंदने विचारलं, "आई, एसी का नव्हता लावला?" मी म्हटलं, "नारिंगी होतं. तुझ्या आत्याचा नियम." तो भिंतीशी उभा राहून रडला. मला म्हणाला, "हट्टी होती." मी ते ऐकून घेतलं. तुमच्या मरणाचा बोल तुमच्या हट्टाला लागू दिला. हे त्या पाच खोट्यांहून वाईट केलं मी.

तेराव्याला कोकिला आली. ओटीवर बसून तिने पिशवीतून आपली वही काढली, तुमची मागून घेऊन स्वतःच उघडली आणि दोन्ही पानं शेजारी ठेवली. तुम्हीच लावलेली सवय. तिच्या मेच्या ओळीत पाच लाल, आपल्याकडे पाच नारिंगी. तिने दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. "काकी, वेलथी एटलो बधो फेर पड्यो?" वेलाने इतका फरक पडला का, एवढंच विचारत होती हो. नजरेत संशय नव्हता. म्हणाली, "बेन शेवटी फोनवर रोज वेलाचंच बोलायच्या. म्हणाल्या, मुलांना दाखव, तीन फरश्यांनी होतं. मी सुट्टीतही मुलांना शाळेत बोलावून सांगितलंय. मुलांनी वेल वावले पण, शाळेच्या कुंपणाशी लावले."

मी म्हटलं, "हो. पडला फरक."

तुम्ही शाळेत तीसेक वर्षं मुलींना सांगितलंत की आधी बघायचं, मग बोलायचं. आता सावलीच्या शाळेत तुमच्या नावाने जे सांगितलं जातंय ते कोणीच बघितलेलं नाही. वेल लावावेत, सावली धरावी, सगळं चांगलंच आहे. पण ती मुलं उद्या नळी घेऊन मोजायला गेली, आणि तितका फरक निघाला नाही, तर म्हणतील बेनची वही खोटी होती. तुमची वही, वन्सं. मला तुमच्या मरणाचं ओझं वाहायचंच आहे, ते कोणी उतरवणार नाही. पण वही खोटी ठरली तर तुमचं काहीच उरत नाही.

म्हणून आज दुपारी वही उघडली. आधी वाटलं, नारिंगीवरून लाल गिरवावा, जाड, म्हणजे दिसणारच नाही. पेन्सिल हातात घेतलीही होती. मग ते जानेवारीचं पान आठवलं. पाचही टिंबं शोधली, आणि समासात एकेका दिवसासमोर लिहिलं: प्रत्यक्षात लाल. कुसुमने नारिंगी सांगितले. पाच वेळा लिहिलं. माझं अक्षर तुमच्याइतकं बारीक येत नाही, दोन ओळी वाकड्या गेल्या. खऱ्या आकड्यांपैकी तीन मला नक्की आठवत होते, ते घातले. दोन आठवत नाहीत. तिथे "आठवत नाही" असंच लिहिलं. वेलाच्या नोंदीपाशी लिहिलं: फरक किती, ठाऊक नाही.

आनंद सहाला घरी येईल. चहा झाला की त्याला खुर्चीत बसवणार आणि हे पान दाखवणार. तो काय म्हणेल ठाऊक नाही. कदाचित माझ्याशी बोलणार नाही. तुम्ही आठ दिवस बोलला नव्हतात, तो किती दिवस, बघू. रविवारी कोकिला येईल, तिलाही दाखवणार. शाळेत जाऊन मुलांना काय सांगायचं ते तिचं ती ठरवेल. ती म्हणाली तर मीही जाईन तिच्याबरोबर. हात वर करून विचारलंच कोणी, की आजी तुम्ही असं का केलंत, तर सांगेन. भांडण नको होतं म्हणून.

एवढं लिहीपर्यंत तीन वाजले. उठले, छत्री घेतली, पेटीचं दार उघडलं. मधुमालतीची टोकं करपली आहेत, बुंधा हिरवा आहे, संध्याकाळी पाणी घालीन. मृगाचं आभाळ अजून धरलेलं नाही. तुमच्या खुर्चीकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, शेजारच्यांनी ऐकलं असेल तर ऐकू दे. लाल, वन्सं. बेचाळीस आणि वर चार रेघा. दोनदा बघितलं, बोटं न लावता.